मीठपाण्याची ओवी

सत्कार करायचा असेल तर दुसऱ्या कुणाचा करा, असं मी परवा त्या पोरांच्या तोंडावर सांगितलं. तिघं आले होते, हातात मोबाइल, चेहऱ्यावर कौतुक. म्हणे, आजी, तुम्ही खेड्यातल्या बायांना जात्यावरच्या ओवीतून प्रथमोपचार शिकवलेत, केवढी मोठी कल्पना, आम्हाला ती ओवी तुमच्या आवाजात हवी. मी म्हटलं, चहा घ्या आणि जा. त्यातली एक मुलगी जरा चिवट होती. तिनं विचारलं, "पण का नाही म्हणणार?" तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. ते इथे लिहिते, म्हणजे पुन्हा कुणी कौतुक करायला येणार नाही.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी सातवी होऊन, नर्सचं शिक्षण घेऊन, वरवट बकालच्या पलीकडे एका आडगावच्या दवाखान्यात लागले होते. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा, एक जीप, एक डॉक्टर आणि मी. डॉक्टर पुण्याचे. त्यांचा मला पहिल्या आठवड्यातच तिटकारा आला आणि तो त्यांची बदली होईपर्यंत टिकला.

त्यांच्याकडे इंग्रजी अक्षरांची एक माळ होती. बेशुद्ध माणूस समोर आला की काय काय करायचं, त्यातल्या एकेका कामाचं एकेक अक्षर. ती त्यांच्याकडून त्यांच्या कॉलेजात पाठ करून घेतली होती, म्हणून मलाही पाठ हवी. रोज सकाळी, रोगी बाहेर बसलेले असताना, ते मला उभं करून विचारायचे. दोन अक्षरं ठीक जायची, तिसऱ्याला माझी जीभ अडायची. "सिस्टर, तुमचं आठवून होईपर्यंत पेशंट थांबणार आहे का?" असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी माझी सोय माझी केली. पाच बोटांवर पाच कामं बसवली. अंगठा म्हणजे श्वास, तर्जनी म्हणजे नाडी, मधलं बोट म्हणजे रक्त कुठून जातंय का ते, अनामिका म्हणजे शुद्ध आहे का, आणि करंगळी म्हणजे पोटात काय गेलं ते विचारणं. एकदा एक विहिरीत पडलेला माणूस आला, तेव्हा मी अंगठ्यापासून बोटं दाबत दाबत सगळं बिनचूक केलं. माणूस वाचला. डॉक्टरांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय, ज्योतिष पाहता की काय?" शाबास म्हणायला त्यांचं काय जात होतं, मला आजही कळत नाही.

त्या वर्षांत कपाशीवर फवारायचं औषध घराघरात शिरलं होतं. तेलाची बाटली, औषधाची बाटली, सगळं एकाच कोनाड्यात. कुणी चुकून प्यायचं, कुणी रागात प्यायचं. आणि घरचे लोक दवाखान्यात आणण्याआधी तूप पाज, शेणाचं पाणी पाज, काहीबाही करत बसायचे. तेव्हा आम्हाला शिकवलेलं असं होतं की विष पोटात गेलं, माणूस शुद्धीत असेल, तर मीठपाणी पाजून ओकवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. रॉकेल मात्र वेगळं. रॉकेल ओकवताना छातीत उतरतं, म्हणून ते प्यायलेल्याला ओकवायचं नाही, तसंच उचलून आणायचं. आता तर मीठपाणी कुणालाच देऊ नका म्हणतात. तेव्हा ते देत होतो.

डॉक्टरांनी चावडीत तक्ता टांगून बायांना हे समजावलं. बाया डोक्यावर पदर घेऊन बसल्या आणि पदराआड हसल्या. डॉक्टरांच्या बोलण्यातलं निम्मं बायांना कळलं नाही आणि बायांचं बोलणं ऐकून डॉक्टर नाक मुरडत होते. दुसऱ्या दिवशी मी एकीला विचारलं, काल काय सांगितलं डॉक्टरसाहेबांनी? ती म्हणाली, "काय की बाई, गोरा हाये पन लय बोलते."

मला मनातून आनंद झाला. ते हरले याचा आनंद. लपवून काय उपयोग.

ज्वारी तोवर गिरणीत जायला लागली होती, पण तूर घरीच भरडायची. जात्याच्या खुंट्याला समोरासमोर दोघी बसायच्या. पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरी समोरचीनं. आमच्याकडे त्याचा एक रिवाज होता. समोरचीची ओळ आपण म्हणायची नाही. ती तिच्या वाटेची. म्हटली तर ती रुसणार, जातं सोडून उठणार. मी याच खेड्यापाड्यांतली, मला हे कुणी सांगायला नको होतं. मी त्याच चालीवर ओवी बांधली. पहिली जोडी अशी:

जहर गेलं पोटामंदी, मीठपानी पाज बाई,
ओकव सारं भायेर, दवाखान्याची कर घाई.

आणि समोरचीनं म्हणायची ती अशी:

राकेल गेलं पोटामंदी, नको ओकवू गं बाई,
लेकरू घे खांद्यावर, मीठपान्याचं काम नाई.

महिनाभरात चार गावांत ती पसरली. मी घरोघर जाऊन दोघी दोघींना बसवायची, सासू-सून, नाहीतर जावाजावा, नाहीतर शेजारणी. त्यांना दोन वेळा सांगितलं की पाठ. तक्ता नको, चावडी नको. मला इतका माज आला होता की मी एका जावांच्या जोडीला मुद्दाम दवाखान्याच्या व्हरांड्यात आणलं, बाहेर जातं मांडलं, आणि डॉक्टरांना बोलावून म्हटलं, ऐका. धाकटी विशीच्या आतली, कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिनं लेकरू मांडीवर घेतलं आणि पहिली जोडी उचलली. थोरलीनं दुसरी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग धाकटीकडे बोट करून मला म्हणाले, "हिला दुसरी येते का?"

मी म्हटलं, "ती थोरलीची आहे."

"आणि ही घरी एकटी असली तर?"

खरं सांगते, प्रश्न माझ्या कानात शिरलाच नाही. मला फक्त एवढं दिसलं की या माणसाला चांगलं बघवत नाही. मी म्हटलं, "साहेब, खेड्यात बाई एकटी नसते. तुमच्या पुण्यात असेल." बाया हसल्या. व्हरांड्यात बसलेले रोगीही हसले. ते आत गेले, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. अख्खं गाव शेतात. एका दुपारी बैलगाडी दवाखान्याशी थांबली आणि तीच धाकटी उतरली, मुलगी खांद्यावर. पायाला काटा लागून सूज आली होती म्हणून ती वेचायला गेली नव्हती, एकटी घरी होती. कंदिलात भरायला वाटीत ओतून ठेवलेलं तेल मुलीनं तोंडाला लावलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं गाडी जुंपली होती.

ती घाबरलेली होती, पण तिच्या चेहऱ्यावर दुसरंही काही होतं. आपण वेळेला कामाचं केलं, असं. ती मला म्हणाली, "बाई, तुमी शिकोलं न, तसंच केलं. मीठपानी पाजलं. बोट घालून सारं ओकोलं. दोनदा."

मी अंगठ्यापासून सुरू केलं. श्वास. तिथंच थांबले. मुलीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, नाकपुड्या फुलत होत्या, आणि तोंडाला वास येत होता. करंगळीपर्यंत जायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, "काय प्यायली ही?"

"राकेल," ती म्हणाली. "जहरच न ते?"

डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी मुलीला माझ्या हातातून घेतलं, छातीला नळी लावली, आणि ड्रायव्हरला खामगावला जीप काढायला सांगितलं. आमच्याकडे प्राणवायूची टाकी नव्हती. जीप सुरू होत होती तेवढ्यात थोरली शेतातून धावत आली, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी तशीच. काय झालं ते तिनं म्हाताऱ्याकडून ऐकलं आणि जावेच्या अंगावर ओरडली, "राकेलले मीठपानी नसते देत, काऊन देलं वं?"

"मले कोनं सांगतलं?"

"रोज तर म्हनतो आपुन."

"तुमी म्हनता," धाकटी म्हणाली. "माह्या वाटेचं नोतं ते."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, तोवर तिला पुरतं कळलंही नव्हतं. ती फक्त विचारत होती. तिला डॉक्टरांशेजारी बसवून मी जीपचं दार लावलं.

मुलगी तिसऱ्या दिवशी खामगावच्या दवाखान्यात दगावली.

डॉक्टर परत आले तेव्हा मी तयार होऊन बसले होते. ते म्हणतील, मी विचारलं होतं. मग मी म्हणेन, तुमचा तक्ता कुणाला कळला होता? सगळं भांडण मी मनात मांडून ठेवलं होतं. त्यांनी हात धुतले, नोंदवहीत चार ओळी लिहिल्या आणि घरी गेले. मी वही उघडून पाहिली. रॉकेल प्यायल्यानं, घरी ओकवल्यानं, छातीत उतरल्यानं. कुणी शिकवलं ते लिहिलं नव्हतं. माझं नाव त्यांनी वाचवलं होतं आणि त्याबद्दल मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. त्यांनी मला व्हरांड्यात, रोग्यांसमोर, फाडून खाल्लं असतं तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. ती सोय त्यांनी ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला ती इंग्रजी अक्षरं विचारणंही बंद केलं.

मी पुन्हा चारही गावं फिरले. या वेळी प्रत्येकीला एकटीला बसवलं. जातं नाही, समोर कुणी नाही. चारही ओळी एका तोंडातून. बायांना ते जड गेलं. दुसरीची ओळ तोंडात घेताना त्या समोर रिकाम्या जागेकडे बघायच्या, हसायच्या, थांबायच्या. मी त्यांच्यावर खेकसायची. म्हण म्हणजे म्हण. एकीला मी इतकी बोलले की ती रडली. मला तिची दया आली नाही. मला त्या रिवाजाचा, त्या जात्याचा आणि ती गोड चाल बांधणाऱ्या माझ्या स्वतःच्या गळ्याचा संताप येत होता, आणि तो काढायला समोर त्या होत्या.

त्या मुलीच्या गावी मी सगळ्यात शेवटी गेले. महिना टाळलं. मारुतीच्या पारावर वीसेक बाया जमल्या होत्या. मला वाटलं होतं, धाकटी येणार नाही. ती आली आणि पुढ्यात बसली, पायाची सूज उतरली होती, मांडी रिकामी. थोरली तिच्यापासून चार हात लांब बसली होती. त्या दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नाहीत, असं मला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं.

एकेकीनं उठून चारही ओळी म्हटल्या. तिची पाळी आली तेव्हा मी तिला वगळून पुढच्या बाईचं नाव घेतलं. ती तरी उठली.

"माही पाळी हाये," ती म्हणाली.

तिनं म्हटली ती दुसरी जोडी. राकेल गेलं पोटामंदी, नको ओकवू गं बाई. आवाज चढवला नाही, चाल सोडली नाही. लेकरू घे खांद्यावर, मीठपान्याचं काम नाई. आणि थांबली.

मला नियम पाळायचा होता, मीच केलेला. मी म्हटलं, "पहिलीही म्हण."

"पयली तुमी म्हना, बाई," ती म्हणाली. "दोघींनं म्हनाची हाये न ते?"

ती उभीच राहिली. थोरली मान खाली घालून बसली होती. बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या. मी हातातली नावांची वही मिटली, उठले, तिच्या समोर उभी राहिले आणि पहिली जोडी म्हटली. मीठपाणी पाज, ओकव सारं बाहेर, घाई कर. चालीवर म्हटली, कारण बोलून म्हणता येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होती. झाल्यावर मान हलवून खाली बसली.

त्यानंतर मी ती ओवी कुणापुढेही म्हटलेली नाही.