झाकणाच्या आतली खूण

घड्याळजींचे हात थरथरू लागले तेव्हा ते जेमतेम बेचाळीस वर्षांचे होते. आधी पेल्यातलं पाणी सांडायचं. मग एकदा चिमट्यातून एवढासा स्क्रू उडाला, तो दोन दिवस सापडला नाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नाही. घड्याळजीच्या हाताचीच शंका आली तर गिऱ्हाईक पायरी कशाला चढेल?

बायकोला मात्र देवाने नजर दिली होती. लग्न झाल्यापासून ती दुपारचा डबा घेऊन दुकानात जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत टेबलावरचं उघडं घड्याळ न्याहाळत बसायची. बघून बघूनच तिला बरंच यायला लागलं होतं. आता काउंटरमागे हातभर जागा सोडून जाड पडदा लागला. पडद्यापुढे ते. घड्याळ कानाला लावायचं, मान हलवायची, गिऱ्हाइकाशी चार गोष्टी बोलायच्या. पडद्यामागे ती, डोळ्याला भिंग लावून. केसाहून बारीक स्प्रिंग सरळ करायची तर श्वाससुद्धा रोखावा लागतो. ती मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि हात घालायची. शेजारच्या दुकानदारांना वाटायचं, वहिनी डबा आणतात आणि निवांत बसतात. निवांत कसलं, संध्याकाळी मान वळायची नाही.

काम झालं की कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. तेच घड्याळ पुन्हा आलं तर आधी कुणी उघडलं होतं ते कळावं म्हणून. घड्याळजींची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि आत टिंब. तिचं पहिलं काम पुरं झालं तेव्हा तिने विचारलं, आता मी काय कोरू? ते म्हणाले, "माझंच कोर. उगाच बोभाटा नको." तिला त्यात वावगं वाटलं नाही. नवऱ्याचा मान तोच आपला, असं मानण्याचे ते दिवस. एकोणीस वर्षं ती त्रिकोण कोरत राहिली. तोही त्यांच्यासारखाच, डावीकडे जरा कललेला.

मग ते गेले.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर धाकट्या दिरांनी विषय काढला. दुकान दोघा भावांच्या नावावर होतं आणि मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण ते भाड्याने मागत होता. ती म्हणाली, दुकान मी चालवीन. आणि मग पडद्यामागचं सगळं सांगितलं. दीर हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं.

"वहिनी, डबा नेणं वेगळं आणि घड्याळ उघडणं वेगळं," ते समजुतीने म्हणाले. "पण तुमच्या मनाला रुखरुख नको. महिनाभर बसा. एकानेही तुमच्या भरवशावर घड्याळ दिलं, तर दुकान तुमचं."

तिने पडदा काढून टाकला आणि पुढे येऊन बसली. लोक आले, पण आपली घड्याळं परत न्यायला. असू दे, दुसरीकडे दाखवतो, असं म्हणत. एकाने तर सुटे केलेले भाग तसेच पाकिटात घालून नेले.

शेवटच्या दिवशी गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, घड्याळजींचे जुने गिऱ्हाईक. दीरही हिशेबाने त्याच दिवशी येऊन स्टुलावर बसले होते. गुरुजींचं घड्याळ तिने नवरा दवाखान्यात जाण्याआधीच दुरुस्त करून ठेवलं होतं. त्यांनी ते कानाला लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शेवटचं काम त्यांचं. काय हात होता!"

"गुरुजी, हे काम माझं आहे," ती म्हणाली. "याआधीचीही माझीच. त्यांचे हात कधीच गेले होते."

गुरुजींनी झाकण उघडायला लावलं. चष्मा वर करून पाहिलं. एकाखाली एक चार त्रिकोण, चारही डावीकडे कललेले. त्यांनी ते दिरांना दाखवलं. तिने सुई घेतली आणि काउंटरच्या पत्र्यावर तस्साच त्रिकोण काढला.

"नक्कल कुणालाही जमते, वहिनी," दीर म्हणाले.

तिने घड्याळ मागितलं. म्हणाली, तुमच्यासमोर सगळं सुटं करते आणि पुन्हा जोडून देते. गुरुजींनी पटकन त्यावर हात ठेवला.

"ताई, दुःखात माणूस काहीही बोलतं. पण गेलेल्याच्या हातांना नावं ठेवू नयेत."

आठवड्याभरात दुकानात कव्हरं लटकली. देवाला सगळं दिसतं म्हणतात. दिसत असेलही, पण त्याने कुणाला सांगितलं नाही.

वर्षभराने व्यापारी मंडळाने घड्याळजींच्या नावाने मानपत्र दिलं. ते घ्यायला तिला बोलावलं. संसाराचा भार उचलून पतीला कामासाठी मोकळं ठेवलं म्हणून तिचंही कौतुक झालं. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला, तशी ती माइकपाशी गेली. पुढच्या रांगेत दीर होते, गुरुजी होते, मनगटावर चालू घड्याळ. सगळे तिच्याकडे बघत होते.

"त्यांचा हात फार चांगला होता," ती म्हणाली आणि खाली येऊन बसली.