ह्येला मूठ कुठंय?

मोबाइलच्या दुकानात बरोबर नेऊ नये असा एकच माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमधून निवडायचा ठरला, तर आमचे साडू बिनविरोध निवडून येतील. हे मी रागानं म्हणत नाही. मी कंपनीत कॉस्टिंगला आहे आणि आधार असल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे चाकणजवळच्या एका गावातले शेतकरी, आणि सगळी नोकरी एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. दाजी ते नमुने करत. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते आधी आकार म्हणून बघतात, आणि तो आकार पसंत पडला नाही तर मोठ्यानं सांगतात.

दोन वर्षांपूर्वी बायकोसाठी फोन घ्यायला आम्ही पिंपळे गुरवच्या एका दुकानात गेलो. मी नेहमीप्रमाणे चार फोनांचा तुलनात्मक तक्ता करून नेला होता: वजन, बॅटरी, मेमरी, किंमत. दाजी आमच्याकडे रहाटणीला आले होते, म्हणून बरोबर आले. विक्रेत्या मुलानं फोन काचेवर ठेवला. दाजींनी तो उचलला, दोनदा तळहातावर तोलला, उलटा केला आणि विचारलं, "ह्येला मूठ कुठंय?"

"कव्हर मिळेल ना काका," मुलगा म्हणाला.

"कव्हर म्हंजी अंगरखा झाला. म्या मूठ इचारतोय. खुरप्याला मूठ हाय, कढईला कान हायती, बादलीला कडी हाय. तुमच्या ह्या दुकानाच्या दाराला बी हँडल हाय. दिवसभर हातात धरायची वस्तू, अन् तिलाच मूठ न्हाई? मंग धरायची कशी, गुळाच्या ढेपंवानी?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली. मुलानं मला हळूच विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का सर?" 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. पण मी सहसा खोटं बोलत नाही. "नात्यात आहेत," एवढंच म्हणालो आणि तक्त्यात डोकं घातलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तक्त्यातलं अक्षर लागेना.

उद्याचे फोन कसे असतील यावर पेपरात काही आलं, की मी आकडे वाचतो आणि दाजी चित्र बघतात. चित्र बघून त्यांचा निकाल ठरलेला: "परत पाटीच." घडी होणारा फोन मी त्यांना कौतुकानं दाखवला, तेव्हा म्हणाले, "दुमडल्याली पाटी. पोरं शाळंतनं सुटली, पर पाटी काय सुटंना." त्यांच्या मनातला उद्याचा हातातला कॉम्प्युटर पाटीसारखा नसतोच. त्याला पोट असतं. तळाशी वजन असतं, म्हणजे तो कुठंही ठेवला तरी उभा राहतो. त्याची एक बाजू खरखरीत असते, म्हणजे खिशात हात घातला की पाठ कुठली आणि पोट कुठलं ते हाताला समजतं. त्याला करगोट्यासारखी दोरी ओवायला भोक असतं. आणि बॅटरी संपत आली की त्यातून करपल्याचा वास येतो. "लाल रेघ कोण बघतंय पाव्हणं? दूध करपल्याचा वास आला की आख्खी आळी पळत येती," हे त्यावरचं त्यांचं समर्थन.

हे सगळं बोलण्यावर राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण दाजी ते लाकडात करतात. फुरसत मिळाली की बसून करतात, खिशात घालून हिंडतात आणि दिसेल त्याच्या हातात देतात. चाकणच्या एका लग्नात मी पंगतीला बसलो असताना समोरच्या पंगतीतल्या एका सभ्य गृहस्थांच्या श्रीखंडानं भरलेल्या हातात त्यांनी लाकडाचा एक पोट सुटलेला ठोकळा कोंबला. "धरून बघा. न्हाई, डोळं मिटून धरा. काय वाटतंय?" गृहस्थांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नंतर हात धुताना त्यांनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?" साडू या शब्दाला मराठीत दुसरा सौम्य शब्द नाही, ही उणीव मला तेव्हा फार जाणवली.

त्यात त्यांची प्रत्येक वस्तू किंचित मोठी होते. याचं कारण शोधायला मला बरेच दिवस लागले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करायचा असतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची एक खास पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. दाजी घरीही तीच पट्टी वापरतात. मी एकदा हिशोब करून दाखवला: शंभराला एक या दरानं सोळा सेंटिमीटरच्या फोनला दीडेक मिलिमीटर जास्त. म्हटलं, "दाजी, लाकूड थोडंच आकसणार आहे?" ते शांतपणे म्हणाले, "आकसायला जागा ठिवावी पाव्हणं. काय कवा थंड व्हईल सांगता येत न्हाई."

आता राजगुरुनगरची गोष्ट. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, तिथं एकट्या राहतात. माझी मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर जर्मनीत गेली, तेव्हा आजीला नातीचं तोंड दिसावं म्हणून मी त्यांना चांगला फोन घेऊन दिला. तक्ता करूनच. पण मुलीचे व्हिडिओ कॉल आजीकडून उचलले जाईनात. विचारलं की त्या म्हणत, "रेंज नव्हती." एकदा बायको तिथंच असताना फोन वाजला आणि तिनं बघितलं. आई त्या हिरव्या खुणेवर बोट घासत होत्या, घासत होत्या. फोन दाद देत नव्हता. आयुष्यभर खुरपणी केलेली आणि राखेनं भांडी घासलेली बोटं ती, त्यांच्यावर रेघही उरलेली नाही. शेवटी त्यांनी फोनवर पदर टाकला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत तशाच बसल्या. बायको दिसताच शरमून म्हणाल्या, "माज्या बोटात जीवच न्हाई ऱ्हायला बाई. त्येला मी माणूस वाटतच न्हाई."

मी फोनच्या सगळ्या सेटिंग धुंडाळल्या. साधा कॉल बाजूच्या बटणानं उचलण्याची सोय सापडली, व्हिडिओची सापडली नाही. शेजारची सून उचलून देईल असं सुचवलं, तर आईंनी साफ नाकारलं. "दुसऱ्यानं उचाललं की बोलणं दुसऱ्याच्या हातात जातं." त्यात नातीला मुलगी झाली. बारसं तिकडंच होतं, पण रेवा हे ठरलेलं नाव ठेवलं की पहिली हाक पणजीनं मारायची असं मुलीनं ठरवलं. आईंची एकच अट होती: "फोन मी माज्या हातानं उचालणार."

हे ऐकून दाजींना जणू सरकारी ऑर्डर मिळाली. ते राजगुरुनगरला गेले आणि आईंना कणकेचा गोळा मुठीत घट्ट दाबायला लावला. त्या ठशावरून त्यांनी सागवानी मूठ कोरली, मुठीवर फोन बसवायची चौकट केली, आणि चौकटीला जुन्या टॉर्चला असायचा तसा, अंगठ्यानं खालून वर सरकवायचा खटका लावला. हँडलवाला पहिला हातातला कॉम्प्युटर राजगुरुनगरात होतोय, असं त्यांनी चाकणच्या निम्म्या गावाला सांगून ठेवलं.

बारशाच्या दिवशी आम्ही सगळे आईंच्या घरी जमलो. पुण्याहून माझे व्याही आणि विहीणबाई आले होते. व्याही बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी, रुमालाची घडीसुद्धा न मोडणारे. मी बायकोला आत बोलावून म्हटलं, "दाजींना सांग, निदान आज ते लाकूड काढू नका."

"तुम्हीच सांगा की," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ताई वर्षभर बोलायची नाही."

मी बाहेर आलो तेव्हा दाजी व्याह्यांना मुठीचं वळण समजावत होते. चौकट अर्थातच किंचित मोठी झालेली, फोन आत खुळखुळत होता, म्हणून कडेनं धोतराच्या चिंध्या कोंबल्या होत्या. देवळातल्या पालखीसारखा तो फोन दिसत होता.

फोन वाजला. स्क्रीनवर माझ्या मुलीचा फोटो आला. दाजींनी मूठ आईंच्या हातात दिली. "हां मामी, सरकवा. टॉर्चवानी." आईंनी खटका सरकवला. काही झालं नाही. पुन्हा सरकवला. फोन वाजतच होता. "जोर लावा," दाजी म्हणाले. तिसऱ्यांदा एक चिंधी बाहेर आली. मग फोन वाजायचा थांबला.

"होतं असं कधीकधी," व्याही सौजन्यानं म्हणाले, आणि मला वाटलं, याच्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं.

दाजींनी मूठ डोळ्यांजवळ नेली. "आकार तर बराबर हाय," ते पुटपुटले.

"खटक्याच्या टोकाला काय लावलंय?" मी विचारलं.

"रबार. सायकलच्या ट्यूबचं."

"दाजी, त्या काचेला शरीरातली वीज लागते. रबरातून ती जात नाही. फोनवर लावून नाही बघितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलत्याच खात्याची चौकशी करत होतो. त्यांनी मूठ तपासली होती, तोल तपासला होता, ओट्यावरून पाडूनसुद्धा बघितली होती. पण आयुष्यभर त्यांचं काम आकार झाला की संपायचं. "रस वतायचं खातं आमचं न्हवं पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले. हळू आवाजात बोललेले दाजी मी पहिल्यांदाच ऐकले. मला आता कुणाची लाज वाटत होती ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं खरं, की व्याह्यांकडे बघवत नव्हतं, दाजींकडेही नव्हतं.

आई तेवढ्यात विळीशी जाऊन बसल्या होत्या. कोशिंबिरीची काकडी चिरत होत्या, मान खाली. दाजींनी चौकटीतून काढलेला फोन त्यांच्या शेजारी पाटावर पडला होता. तो पुन्हा वाजला. आई दचकल्या आणि हातातल्या अर्ध्या काकडीसकट फोनवर झेपावल्या. काकडी काचेवरून खालून वर सर्रकन फिरली.

आणि फोन उचलला गेला!

"आजी? आजी, सगळं हिरवं दिसतंय!" मुलीचा आवाज आला.

"मी उचालला!" आई ओरडल्या. "माज्या हातानं उचालला गं!" काकडी बाजूला झाली, पाण्याच्या थेंबांतून तो इवलासा चेहरा दिसला, आणि आईंनी काकडी छातीशी धरून हाक मारली, "कुर्रर्र... रेवाबाई! ए रेवाबाई!" विहीणबाईंनी डोळे पुसले. माझी बायको तर हुंदकेच देत होती.

रबरातून न गेलेली वीज ओल्या काकडीतून गेली होती. माणसानं इथं थांबावं. पण दाजी उभे राहिले, त्यांचा आवाज परत आला होता. "म्हंजी फोन वला पायजे!" त्यांनी जाहीर केलं. "कोरडा ठिवल्याता म्हून चुकतंय समदं! वल्ली वस्तू हाताला धरती, हात तिला धरतो!" आणि मी अडवायच्या आत त्यांनी विळीवरची उरलेली अर्धी काकडी उचलून माझ्या व्याह्यांच्या हातात दिली. "धरून बघा. न्हाई, डोळं मिटून धरा." घडीच्या रुमालाचे माझे व्याही डोळे मिटून काकडी धरून उभे राहिले. मी मागच्या दारानं अंगणात निघून गेलो.

तेव्हापासून आईंच्या घरी भिंतीतल्या देवळीत फोनशेजारी काकडी असते. उन्हाळ्यात महाग झाली तर दुधीचा तुकडा. उजव्या हातात तो, आणि डाव्या हातात दाजींची ती मूठ, बिनफोनाची, रिकामी. फोन पाटावर आणि बोलणं त्या मुठीकडे बघून. "बोलताना हातात काईतरी लागतं की जावईबापू," एकदा त्या मला म्हणाल्या.

फाउंड्रीत आता नमुने मशीन कापून देतं. दाजी निवृत्त होऊन गावी असतात, गुडघ्यांमुळे फारसे येत नाहीत. शेवटचे आले तेव्हा माझ्यासाठी एक मूठ घेऊन आले. माझ्या हाताला ती किंचित मोठी होते. तसं म्हणालो, तर म्हणाले, "ठिवा. बसंल हळूहळू." ती माझ्या टेबलाच्या खणात असते. घरात कुणी नसलं की मी ती धरून बघतो. डोळे मिटून.

गेल्या महिन्यात माझा फोन बिघडला, तेव्हा मी तक्ता घेऊन त्याच दुकानात गेलो. एकटाच. मुलानं फोन काचेवर ठेवला, आकडे सांगितले. ते माझ्या तक्त्याशी जुळत होते. मी फोन उचलला, तळहातावर दोनदा तोलला, उलटा केला. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांची पाठ फिरायची वाट बघितली आणि विचारलं, "याला मूठ नाही का हो?"

"काय म्हणालात सर?" मुलगा म्हणाला.

त्याला ऐकूच गेलं नव्हतं. दाजी असते तर बाहेरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "कव्हर दाखवा."