डिचोलीची दोन स्पेलिंगं

खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारा आमचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. माझा नवरा रोज सकाळी इंजिन चालू करायचा, पाच मिनिटं ऐकत बसायचा आणि बंद करून आत यायचा. घरात चालू असलेलं एकच काम उरलं होतं, सासऱ्यांचं. डिचोलीत आमच्या घरामागच्या शेडमध्ये ते पितळेच्या समया करायचे. स्वतः ओतायचे, स्वतः घासायचे. पण त्यांचं गिऱ्हाईकही बहुतेक खाणीवरच जगणारं. लोकांचे हात आखडले तशा तयार समया शेडमध्ये रांगेनं उभ्या राहिल्या.

शेवटी मी वेबसाइट काढायचं ठरवलं. म्हापशाला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका बाईंनी ती करून दिली. मजकूर सासऱ्यांनी लिहिला, पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईनं. त्यांचं अक्षर इतकं सुरेख की बाईंनी कागदांचे फोटोच पानावर लावले. टाइप करायचा होता तो फक्त इंग्रजीतला पत्ता. तिथे सासऱ्यांनी मला बजावलं, "डी लावून लिही. बी लावलेलं बिचोली माझ्या घरात यायचं नाही. ते पोर्तुगिजांचं."

मी वाद घातला नाही. भाषेच्या आंदोलनात त्यांनी मराठीसाठी काठ्या खाल्ल्या होत्या. गावच्या पाटीवरचं ते बी अक्षर त्यांनी स्वतः डांबरानं पुसल्याचं मी कितीदा ऐकलं होतं.

वेबसाइट सुरू झाली आणि माझा नवा रोग सुरू झाला. उठल्याबरोबर फोन घ्यायचा, गोव्यातली पितळी समई असं टाकायचं आणि सर्च करायचं. आम्ही पहिलेच दिसायचो. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. पण दोन महिने झाले, एक फोन आला नाही. दिसतोय तर कोणी विचारत का नाही? समया आवडत नाहीत? फोटो वाईट आलेत? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "थांब गो जरा." थांबायला किती दिवस होते आमच्याकडे?

काजूच्या दिवसांत मी कोरगावला ताईकडे गेले. बोंडू वेचता वेचता मी तिला मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "गोव्यातली पितळी समई असं टाकून बघ. पहिले आम्ही."

तिनं हात पुसून स्वतःच्या फोनवर शोधलं. बराच वेळ अंगठा खाली सरकवत राहिली. "अगो, तुम्ही खंय आसात? हय सगळी परराज्यातली दुकानां."

मी फोन हिसकावून घेतला. पाच पानं उलटली. आम्ही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तशीच म्हापशाला गेले. क्लासच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "चूक माझीच. तुझा फोन तुला ओळखतो. तू रोज तेच पान उघडतेस म्हणून तो तेच पुढे करतो. परक्या माणसाला काय दाखवणार? फोटोतलं अक्षर सर्चला वाचता आलेलं नाही. पत्ता सोडला तर त्याच्या लेखी तुमचं पान कोरं आहे. आणि बाहेरचा माणूस गावाचं नाव शोधणार ते बी लावूनच."

कोरं. बसमध्ये तोच शब्द डोक्यात फिरत होता. सासऱ्यांनी चार दिवस बसून लिहिलेली ती पानं कोरी होती, हे त्यांना कसं सांगू? तीन दिवस मी सांगितलं नाही. जेवायला वाढताना त्यांच्याकडे बघणं टाळत होते. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "बाय, काय झालं ते सांगून टाक."

मी सांगितलं. अक्षराचं आधी, बीचं नंतर. ते उठून शेडमध्ये गेले. मी कान देऊन बसले, पण कानस घासल्याचा आवाज आला नाही. संध्याकाळपर्यंत आला नाही.

सकाळी चहा घेऊन ते माझ्याशेजारी बसले. "घे तो फोन. मी सांगतो, तू टाइप कर."

समईची उंची, किती वातींची, पितळ कुठलं, तुटलेली जोडून देतो की नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं ते सगळं त्यांनी सांगितलं. पत्त्यापाशी ते थांबले. मीही थांबले.

"दोन्ही नावं घाल," ते म्हणाले. "डी आधी."

त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. एवढं करूनही फोन वाजला नाही तर? आयुष्यभर जपलेली गोष्ट मी त्यांना उगाच सोडायला लावली, असं होईल. आता मी ताईला रोज विचारायचे. ती कधी चौथं पान म्हणायची, कधी तिसरं. एकदा म्हणाली, "दुसऱ्यार आसात," तर मला रडूच आलं.

पहिला फोन वास्कोहून आला. एका बाईंच्या आईची समई मधोमध मोडली होती आणि लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. चादरीत गुंडाळलेली समई घेऊन त्या बसनं आल्या.

"आमचा पत्ता कसा सापडला?" सासऱ्यांनी विचारलं.

"समई दुरुस्ती बिचोली असं घातलं. तुमचं पान आलं. देव पावलो!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मोडलेला दांडा उजेडात धरला, जोडावर अंगठा फिरवला. "जुनं ओतकाम आहे," ते म्हणाले. "सुंदर आहे. तीन दिवसांनी या."

नव्या समयांच्या आधी आमच्याकडे दुरुस्तीच येत राहिली. फोंड्याहून, सावंतवाडीहून, कुणाकुणाच्या आज्यांच्या समया. नवरा वडिलांच्या बाजूला बसून घासायला शिकला. बोलायचे कमी दोघं, पण आता एकाच्या कानशीच्या आवाजात दुसऱ्याच्या कानशीचा आवाज मिसळलेला मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा.