सांदवाडीकडची खिडकी

रोज सकाळी चहा पिऊन झाला की नत्थूजी अंगणातल्या बालदीत उजवा हात मनगटापर्यंत बुडवत, आणि ओला पालथा हात समोर धरून हळूहळू फिरवत. ज्या बाजूला हात गार पडे, तिकडून हवा. मग कुणी विचारो वा न विचारो, ते सांगत, "आज पश्चिमेची हाय." किंवा, "आज बसली हाय हवा. दुपारी जीव काढीन." त्यांची बायको देवकी म्हणे, लोक सकाळी देवाला हात जोडतात, आमचा माणूस हवेला हात दाखवतो.

नत्थूजी मूळचे खाप्याचे, विणकराच्या घरातले. घरचे माग थांबले तसे ते नागपूरला आले आणि एका सरकारी कचेरीत उन्हाळ्यापुरते चिकटले. दारादारांवर टांगलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर दर पाव तासाने पाणी मारायचं, एवढंच काम. मार्चपासून मिरग लागेपर्यंत. उरलेले आठ-नऊ महिने मिळेल ते. पण पाणी मारता मारता त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. ताटी ओलीचिंब असूनही ज्या साहेबाचं मागचं दार बंद असे, तो साहेब घामाने भिजलेला असे. शेजारच्या खोलीत अर्धवट सुकलेली ताटी आणि मागे उघडी खिडकी, तिथला साहेब मात्र दुपारच्या डुलक्या काढी.

पुढे कचेरीत लोखंडी पेट्यांचे कूलर आले. पाणी मारणाऱ्यांना सांगण्यात आलं, आता येऊ नका. बाकीचे गेले. नत्थूजी आठवडाभर त्या पेटीसमोर बसून राहिले. तीन बाजूंना त्यांच्याच ओळखीच्या ताट्या होत्या, आत एक पंखा, खाली टाकी, आणि पाणी वर चढवायला छोटा पंप. हे तर माझंच काम, फक्त माझा हात काढून पंप लावलाय, असं त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या उन्हाळ्यापासून ते घरोघरी कूलर बसवू लागले.

त्यांचं दुकान नव्हतं, पाटी नव्हती. महाल भागातल्या एका सायकलच्या दुकानात निरोप ठेवायचा आणि वाट बघायची. हे चारुलताला कळलं ते शहात्तर सालच्या उन्हाळ्यात, आणि तेही तीन मिस्त्री करून झाल्यावर.

तिच्या नवऱ्याने, अनंतने, त्या वर्षी कूलर घेतला तो आईसाठीच. अरुंधतीबाईंना दम्याचा त्रास होता आणि त्यांची मधली खोली एप्रिलपासून भट्टी होई. कूलर लागला त्या संध्याकाळी त्या लहान मुलीसारख्या त्याच्यासमोर बसून राहिल्या. "हे म्हणजे बसल्या जागी महाबळेश्वर गं," म्हणाल्या. चौथ्या दिवशी डब्यातले पापड मऊ पडले. पाचव्या दिवशी काडेपेटी सादळली. आठवडा होईतो गादीला ओल आली, आणि अरुंधतीबाईंच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. कूलर बंद केला तर उकाड्याने जीव कासावीस, सुरू केला तर श्वास अडकलेला.

पहिला मिस्त्री आला, त्याने पंप बदलला. दुसरा "उद्या येतो" म्हणून गेला तो पाच दिवसांनी उगवला, आणि पंखा मोठा हवा म्हणाला. तिसऱ्याने ताट्या नव्या घातल्या आणि सांगितलं, "दार-खिडक्या गच्च बंद ठेवा, गार हवा बाहेर जाऊन राहिली." त्यांनी दारं बंद केली. त्या दुपारी डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं.

तेवढ्यात पुण्याहून अनंतची बहीण उत्तरा हिचं पत्र आलं. आईला माझ्याकडे पाठव, इथे कूलर लागतच नाही. अनंतने दुसऱ्याच दिवशी वीस मेचं आरक्षण केलं. अरुंधतीबाईंनी ट्रंक काढली, तिच्यात चार पातळं घातली. चारुलता औषधाची बाटली ठेवायला वाकली तेव्हा पातळांखाली तिला सासऱ्यांचा फोटो दिसला. भिंतीवरून उतरवून, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला.

उन्हाळ्यापुरतं जाणारं माणूस नवऱ्याचा फोटो नेत नाही. चारुलताने ट्रंकेचं झाकण हळूच लावलं. त्याच दुपारी ती छत्री घेऊन महालात गेली आणि सायकलच्या दुकानात निरोप ठेवून आली.

नत्थूजी तिसऱ्या दिवशी सकाळी आले. धोतर, वर खाकी शर्ट, खांद्याला औजारांची पिशवी. कूलरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चारुलताकडे तांब्याभर पाणी मागितलं. तिला वाटलं, प्यायला. त्यांनी त्यात हात बुडवला आणि तसाच समोर धरून ते घरभर हिंडले. स्वयंपाकघर, पुढची खोली, मधली खोली.

"मिस्त्री, कूलर इकडे आहे," अनंत म्हणाला.

"तो कुठी पळून नाही जात, साहेब. उदबत्ती हाय का घरात?"

काडी पेटता पेटेना. पाचवी लागली. नत्थूजींनी उदबत्ती कूलरसमोर धरली. धूर झपकन खोलीत शिरला, समोरच्या भिंतीला जाऊन आपटला, आणि गोल फिरून पुन्हा कूलरपाशी आला. ते त्या भिंतीपाशी गेले. तिथे पडदा टांगलेला होता तो बाजूला सारला. मागे खिडकीची झडपं होती, आणि झडपांवर आडव्या ठोकलेल्या तीन फळ्या.

"हे काहून ठोकली?"

अरुंधतीबाई खाटेवर उठून बसल्या. "चोर येतात."

नत्थूजींनी फळीच्या फटीला डोळा लावला. दोन घरांमधली सांदवाडी जेमतेम दोन हात रुंद होती. "माय, इथून मांजर बी आंग चोरून जाते. चोर कसा येईन?"

"उंदीर येतात मग."

"उंदराले तीन फळ्या?"

चारुलताने पदर तोंडाला लावला. अरुंधतीबाईंनी रागाने तिच्याकडे पाहिलं, पण रागवायलाही श्वास लागतो. नत्थूजी खाटेपाशी उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "माय, तुमचा कूलर चांगला हाय. त्याले काही झालं नाही. हवा पाहुणी असते. तिले यायले रस्ता देल्ला, तं जायले बी द्या लागते. तुमी तिले कोंडून ठेवली. तेच ते ओलं वारं तुमी फिरून फिरून छातीत घेऊन राहिल्या. हे खिडकी उघडा, बस."

"ती उघडायची नाही. दुसरं काय ते करा."

"दुसरं काही नसते." नत्थूजींनी पिशवी खांद्याला लावली. "मंग चौथा मिस्त्री येईन, तो आणखी मोठा पंप लावीन. तुमी आणखी ओल्या व्हान."

ते खरोखर निघाले. अनंत त्यांच्या मागे दारापर्यंत गेला, "अहो, थांबा तर," म्हणत. खोलीत दोघीच उरल्या. चारुलताने उदबत्ती विझवली.

"आई," ती म्हणाली, "ट्रंकेत बाबांचा फोटो ठेवलात तुम्ही."

अरुंधतीबाईंनी फळ्यांकडे पाहिलं. मग चादर सारखी केली. "काढा म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण मी तोवर स्वयंपाकघरात बसते."

खिळे गंजले होते. नत्थूजी चिमट्याने ओढत, चारुलता फळी धरून उभी. तिसरी फळी निघाली, झडप कुरकुरत उघडली, आणि दोन हातांवरच्या समोरच्या खिडकीत शेजारच्या कांताबाई कढई घेऊन उभ्या दिसल्या. लग्न होऊन आल्यापासून चारुलताने या दोन बायकांना एकमेकींशी बोलताना पाहिलं नव्हतं. फाटकात समोरासमोर आल्या तरी एक रस्त्याकडे बघे, दुसरी आभाळाकडे. कारण विचारलं की सासूबाई म्हणत, "असतं एकेकाचं."

कांताबाईंनी झारा खाली ठेवला. "आठ वर्षं!" त्या ओरडल्या. "आठ वर्षं माह्या फोडणीचा धूर मीच खाल्ला वं, अरुंधती! कुठी लपली? समोर ये! मी का खोटं बोलली होती? तूच म्हणाली होती न् या खिडकीतून, सून रंगानं दबलेली हाय म्हणून!"

"कांते!" स्वयंपाकघरातून आवाज आला, दम्याच्या मानाने चांगलाच मोठा.

"हळदीकुंकवात तुह्या इहिणबाईले सांगितलं मी, कबूल हाय. पण बोललेलं तं तुहंच होतं ना!"

चारुलताच्या हातात फळी तशीच होती. तिला आधी हसू आलं, मग ते आवरेना. "काकू, माझ्या आईनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. बोहल्यावर उभी राहिले तेव्हा ठाऊक होतं मला."

अरुंधतीबाई भिंतीला धरून दारात आल्या. "आठ वर्षं तुला माहीत होतं? आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? रंग दबलेला आहेच. पण त्यापायी खिडकी ठोकलीत, हे आज कळलं."

अरुंधतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग, तिच्या हातातल्या फळीला गंजलेला खिळा होता तो बघून, एवढंच म्हणाल्या, "ठेव ते खाली. लागेल हाताला."

या सगळ्यात नत्थूजींचं लक्षच नव्हतं. त्यांनी कूलर सुरू केला होता आणि दुसरी उदबत्ती धरून ते उभे होते. धूर खोलीभर तरंगत सरळ खिडकीशी आला आणि सांदवाडीत निघून गेला. "गेली," ते समाधानाने म्हणाले. "आता तुमी भांडा."

दोन दिवसांत गादी कोरडी झाली. काडी पहिल्या फटक्यात पेटू लागली. छातीतली शिट्टी बारीक होत होत थांबली, आणि वीस मेची गाडी अरुंधतीबाईंना न घेता गेली. फोटो परत भिंतीवर लागला, किंचित तिरका, कारण तो त्यांनी कुणाला न सांगता स्वतः स्टुलावर चढून लावला होता.

त्यानंतर दरवर्षी पाडवा झाला की नत्थूजी न बोलावता येत. ताट्या बदलत, पंख्याला तेल घालत, टाकीला डांबर लावत. जेवायला थांबत नसत. पन्हं मात्र दोन पेले घेत आणि म्हणत, "गूळ कमी घालून राहिल्या, माय, तुमी." अरुंधतीबाईही सोडत नसत. "तुमची जीभ गोड व्हावी म्हणून कितीदा घालू?"

खिडकीतून इकडची वाटी तिकडे जाई, तिकडचा डबा इकडे येई. हळूहळू दोन्ही चौकटींवर सामान साठलं. आधी लोणच्याची एक बरणी, मग मेतकुटाची, मग कुणाची कुठली तेही कळेना. नत्थूजी आले की त्या उचलून खाली ठेवत आणि बडबडत. ते गेले की बरण्या परत वर.

त्र्याऐंशी साली ते आले तेव्हा थकले होते. तांब्यात हात बुडवून खूप वेळ उभे राहिले. मग चारुलताला म्हणाले, "ताई, तुमी पाहा बरं. इकून हाय का तिकून?" तिने आपला हात भिजवून समोर धरला. आधी काहीच कळेना. मग बोटांच्या मागे, पश्चिमेच्या बाजूला, गारवा उतरला. "इकडून," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उघडली.

मिरग लागायच्या आत सायकलवाल्याकडून कळलं, नत्थूजी खाप्याला गेले होते, तिथेच झोपेत गेले. अरुंधतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी चारुलता पंप बघायला मधल्या खोलीत आली, तर त्या खिडकीपाशी उभ्या होत्या आणि कांताबाईंना एकेक बरणी परत देत होत्या.

पाडव्यानंतर नत्थूजी शेवटचे आले होते तेव्हा फाटकाबाहेर सायकल काढून झाली होती, एक पाय पायडलवर होता. तिथूनच ते वळून ओरडले होते, "अवं माय, त्या बरण्या उचला! हवा अडते."