खाली कोण झोपलंय? सेव्हिलमधले फ्लामेंकोचे दोन आठवडे

सेव्हिलच्या कोर्सची जागा आम्ही गेल्या जूनमध्ये पक्की केली होती. मार्चमधले दोन आठवडे, फ्लामेंको नाच, रोज तीन तास. श्रावणात माझा नवरा संदीप गेला. चाकणच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्ट संपताना, हृदयविकाराच्या झटक्याने. त्यानंतर मी नाचले नाही आणि कोर्सही रद्द केला नाही. रद्द करायला मेल लिहावा लागतो, आणि त्यात कारण लिहावं लागतं.

जानेवारीत त्यांचाच मेल आला, येताय ना म्हणून. तो मी सासूबाईंना वाचून दाखवला. नणंद आलेली होती.

"वहिनी, वर्ष तरी होऊ दे," ती म्हणाली. "दादाला जाऊन सहा महिने नाहीत झाले. लोक काय म्हणतील?"

आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत. दिवाळीत आकाशकंदीलही लावला नव्हता. सासूबाई मूळच्या कुरुळीच्या, संदीप गेल्यापासून काळेवाडीत माझ्याजवळ असतात. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सण न्हाई करायचा. शिकायला कुठं बंदी हाय? मामा गेल्यावर तुजी पोरं शाळंत गेली न्हाईत व्हय?"

मी त्याच आठवड्यात व्हिसाच्या कागदांना लागले. कोर्सचं पत्र, राहण्याची सोय, विमा, बँकेचे कागद. दीड-दोन महिने हातात असू द्या.

मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. चाळिशीत फ्लामेंको कसं सुरू झालं हे लोक विचारतात. पुण्यात एकदा पाहिलं आणि आवडलं, एवढंच उत्तर आहे. संदीपला सुट्टी गुरुवारची, म्हणून मी गुरुवारचा क्लास घेतला. तो गाडीवर सोडायचा आणि दोन तास खाली चहाच्या टपरीवर बसायचा.

या नाचात बुटांच्या टाचांनी जमिनीवर ठेका धरतात. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बरोबर खाली रफीकभाई राहतात, भोसरीत तीन शिफ्टमध्ये काम करतात. थर्ड शिफ्ट असली की दिवसा झोपतात. म्हणून संदीपने मला जाड प्लायवूडची फळी करून दिली आणि तिच्याखाली चार रबरी पॅड बोल्टने बसवले. मशीनची कंपनं जमिनीत जाऊ नयेत म्हणून कारखान्यात टाकतात तसे. शिवाय दर रविवारी संध्याकाळी तो खाली जाऊन रफीकभाईंची पुढच्या आठवड्याची शिफ्ट विचारून यायचा. मला तसं कोणाच्या दारात जाऊन विचारायला जमत नाही.

तो गेल्यापासून फळी कपाटामागे होती. निघताना मी ठरवलं, सेव्हिलला पाय चालले तर ठीक. नाही तर येऊन ती भंगारवाल्याला द्यायची.

मुंबई विमानतळावर बूट हातातल्या पिशवीत होते. त्यांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात. तपासणीला असलेल्या बाईंनी ते बाहेर काढले.

"मॅडम, ये कीलें किसलिए?"

"नाचायचे बूट आहेत."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "ताई, तुम्ही नाचता? वाटत नाही हो!" मग शेजारणीला, "अगं, बघ ह्यांचे बूट." बूट दोघींच्या हातांतून फिरून परत मिळाले. तुम्ही ते चेक-इनच्या सामानात टाका.

आखातात विमान बदलून माद्रिद, तिथून वेगवान रेल्वेने अडीच तासांत सेव्हिल. रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मी नदीपलीकडे त्रियाना भागात एक खोली घेतली होती. क्लास चालत दहा मिनिटांवर. रस्त्यांवर संत्र्याची झाडं आणि खाली पडलेली संत्री. उचलू नका, कडू असतात. सकाळी भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल, सोबत कॉफी, साधारण साडेतीन युरो. शाकाहारी माणसाचं त्यावर भागतं. दुपारी दोननंतर बरीचशी दुकानं बंद होतात आणि गल्ल्या शांत होतात. मला ती वेळ आवडायची. मी नदीकाठी बसून घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खायचे.

क्लासमध्ये आम्ही आठ जणी. शिक्षिका रोसारिओ, साठीच्या, बुटक्या, हातात ठेका धरायची काठी. त्यांना इंग्रजी येत नाही. युको नावाची जपानी मुलगी तिसऱ्यांदा आली होती, ती भाषांतर करायची. पहिल्या दिवशी प्रत्येकीने एकेक करून पायांचं काम दाखवायचं होतं. सात महिन्यांनी मी बूट घातले. मोजणी कुठेच चुकली नाही, मला खात्री आहे. रोसारिओ डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

युको जरा घुटमळली. "त्या विचारताहेत, खाली कोण झोपलंय?"

"रफीकभाई," मी म्हणाले. "पण रोज नाही. थर्ड शिफ्ट असेल तेव्हाच."

युकोने तसंच्या तसं सांगितलं. सगळ्या हसल्या. रोसारिओ हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं, फळी, रबर, शिफ्ट, सगळं विचारून घेतलं. मग काठी जमिनीवर आपटली. "इथे खाली माती आहे. कोणी झोपलेलं नाही. मार."

मला मारता येईना. तीन वर्षं मी टाच टेकायच्या आत रोखायला शिकले होते आणि ते अंगात बसलं होतं. रोसारिओंनी मला भिंतीपाशी उभं केलं. बाकीच्या नवीन नाच शिकत होत्या आणि मी आठवडाभर फक्त टाच. उजवी, डावी, उजवी, डावी. जाता येता त्या गुडघ्यावर काठीने हलकेच टोचायच्या आणि म्हणायच्या, "शेजारी! शेजारी!" दुसऱ्या आठवड्यात बाकीच्याही मला त्याच नावाने हाक मारू लागल्या. रोज संध्याकाळी मला भंगारवाला आठवायचा.

शेवटच्या शुक्रवारी क्लासमध्येच छोटा कार्यक्रम होता. तीसेक खुर्च्या, विद्यार्थिनींची माणसं, गाणारे एक आजोबा. प्रत्येकीने तीन मिनिटं एकटीने नाचायचं. एकटेपणाचं एक गाणं असतं, त्यावर. हे मात्र मला शिकण्यात बसवता येईना. लोकांसमोर, टाळ्या घेत नाचायचं, तेही वर्षाच्या आत. मी घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, शेवटी लोकांसमोर करायचंय. नाही म्हणून सांगते."

"शिकल्यावर परीक्षा असती का न्हाई?"

"असते."

"मग परीक्षा न देता येनार? एवढं इमानाचं भाडं घालून?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "संदीप खाली गाडीवर बसलाय आसं समज. त्याला काय, नाच कळत न्हवता. मला सांगायचा, वरनं आवाज आला की समजायचं, चाललंय हिचं."

हे मला माहीत नव्हतं.

माझा नंबर पाचवा होता. आजोबांनी सूर लावला, मी पहिली टाच मारली आणि स्वतःच दचकले. एवढा मोठा आवाज माझ्या पायाचा होता. दुसरी मारली. मध्ये एकदा मोजणी चुकली, मी थांबले नाही. पुढचं मला सलग आठवत नाही. बाहेर रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या जोरात मारायचं, एवढंच डोक्यात होतं. खाली बसले तेव्हा रोसारिओंनी पाण्याचा ग्लास दिला आणि युकोकडे पाहून काही म्हणाल्या.

"आता उठला म्हणे तुझा शेजारी," युको म्हणाली.

घरी आले तेव्हा पाडवा होऊन गेला होता. आम्ही गुढी उभारली नाही. रविवार होता. संध्याकाळी चपला घालून एक मजला उतरले आणि बेल वाजवली. यास्मीनभाभींनी दार उघडलं. नऊ वर्षांत आमचं बोलणं जेवण झालं का, पाणी आलं का, याच्या पुढे गेलेलं नव्हतं.

"भाभी, रफीकभाईंना या आठवड्यात कुठली शिफ्ट?"

"फर्स्ट," त्या म्हणाल्या. "पहाटेच जातील."

"सकाळी नऊला आवाज होईल. आता जरा मोठा होईल."

"होऊ दे, वहिनी. संदीपभाई दर आठवड्याला विचारायचे, आणि आम्हाला तर कधी काही ऐकूच आलं नाही. मी ह्यांना म्हणायचे, ही बाई खरंच नाचते का?" त्या हसल्या, मग डोळे पुसले. "थर्ड लागली की मीच वर येऊन सांगत जाईन."

जायचं असेल त्यांनी खर्चाचं, व्हिसाचं विचारलं तर सांगेन. नाच मात्र मी दोन आठवड्यांत फारसा शिकले नाही. आणलं ते एवढंच, की टाच पूर्ण टेकते.

सोमवारी सकाळी संदीपचा पाना घेऊन फळीचे चारही रबरी पॅड काढले आणि त्याच्या अवजारांच्या पेटीत ठेवले. सासूबाई चहाचा कप घेऊन दारात बसल्या. पहिल्या टाचेला मांडणीवरचे पेले वाजले. मी थांबून कान दिला. खाली यास्मीनभाभींच्या कुकरची शिट्टी झाली. मी दुसरी टाच मारली.