फुटाण्यांचं नाव

शाळेत माहा पहिला नंबर होता. अभ्यासात नाही, फुटाणे खायात.

मोताळ्याच्या बाजारात फुटाण्याच्या भट्टीचा वास आला का अजूनही आमचे गुरुजी दिसतात. महाराष्ट्र नवा होता तवाची गोष्ट. गुरुजी पाटीवर फुटाण्यांचं अक्षर मांडत. ज्यानं ओळखलं त्यानं खायचं. मी शेजारच्याचं ऐकून सांगो अन् खाऊन टाको. गुरुजींनी पकडलं, पण मारलं नाही. फुटाण्यांची पिशवीच माह्या हाती देली.

"महादू, आजपासून अक्षरं तू मांड."

मांडता मांडता माहं नाव शिकलो.

बाप म्हणला होता, नाव लिहिता आलं तरच शाळा, नाही तं म्हशी चाराच्या. मी ओसरीवर फुटाण्यांनी नाव मांडून दाखवलं. बाप लय वेळ पाहत राह्यला. त्याले तरी कुठी वाचता येत होतं, हे मले आता समजते. तवा तो एवढंच म्हणला, "नाव पाहून म्हशी चरतीन काय बे? ऊठ."