वांग्यावरचा उजेड

मी लाइटिंग शिकले ती रागानं. कलेची ओढ वगैरे सांगणारे सांगोत बापडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी अमरावतीतल्या त्या स्टुडिओत गेले होते भांडायला.

झालं असं होतं. माझं बी.कॉम. झालं आणि घरात बायोडाटा तयार करायचं निघालं. बायोडाटा म्हटला की फोटो आला. आईनं मला नवी मोरपंखी साडी नेसवली आणि बसस्टँडमागच्या स्टुडिओत नेलं. स्टुडिओ एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचा. अख्खा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही चाचा. आई त्यांना कोपऱ्यात घेऊन काहीतरी कुजबुजली. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. मी काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे बायोडाट्यातले शब्द झाले. मी काळी आहे, बाबांसारखी. चाचांनी समोरून दोन मोठे लाइट लावले, थर्माकोलची पांढरी शीट माझ्या मांडीवर उभी धरायला दिली, आणि तोंडावर एवढा उजेड आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फोटोत एक गोरीपान मुलगी उमटली. तिला नाकाची दोन भोकं होती, पण नाक नव्हतं. आई खूश.

तो फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरला आणि अकोल्याचे लोक पाहायला आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग परत माझ्याकडे. आणि बाबांना अगदी गोड आवाजात विचारलं, "ही धाकटी काय?"

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. मुलांच्या वहीतल्या खोट्या सह्या पकडण्यात हयात गेली त्यांची. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "नाही. हीच." मला बहीण नाही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, उन्हाचं बोलले आणि गेले. दुसऱ्या दिवशी नकार आला. नकाराचं मला काही नाही हो. पण बाबांची ती खाली गेलेली मान डोळ्यांसमोरून हलेना. चोरी सापडल्यासारखी मान, आणि चोरी त्यांनी केलीच नव्हती.

म्हणून मी स्टुडिओत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा उठून त्यांनी पंखा माझ्याकडे फिरवला. मग म्हणाले, इथं येणारी प्रत्येक आई हेच सांगते, जरा उजळ येऊ द्या. मी फक्त लाइट लावतो. मी म्हटलं, मग मला असा लाइट लावायला शिकवा, ज्यात मी मीच दिसेन. मला वाटलं, हाकलून देतील. ते म्हणाले, दुपारी येत जा, दुपारी गिऱ्हाईक नसतं.

पहिल्या दिवशी त्यांनी स्टुलावर एक वांगं ठेवलं. भाजीचं, काळंभोर, चकचकीत. म्हणाले, याचा फोटो काढ. मला वाटलं, मस्करी करून राहिले. मी समोरून लाइट मारला, फोटोत एक काळा डाग आला. लाइट वाढवला, तर मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती तोच डाग. असे चार दिवस गेले. वांगी सुकली की मी घरी न्यायचे आणि आई त्यांची भाजी करायची. फोटो शिकायला जाते की भाजीबाजारात, असं तिनं दोनदा विचारलं.

पाचव्या दिवशी चाचांनी स्वतः लाइट सरकवला. तो समोरून काढून बाजूला नेला, वांग्याच्या अगदी जवळ, आणि त्याच्यापुढे दोरीवर पांढरी चादर टाकली. उजेड चादरीतून गाळून यायला लागला. वांग्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक लांब, मऊ चमक आली आणि एकदम त्याची गोलाई दिसली, देठाजवळची घडी दिसली, काळ्यातला जांभळा रंगही दिसला. मी बघतच राहिले. वांग्यात एवढं काही असतं, हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"गोऱ्या चिजेले सावली आकार देते," चाचा म्हणाले, "अन् काळ्या चिजेले चमक. काळ्यावर उजेड जास्त नाही पाहिजे बेटा, मोठा पाहिजे अन् जवळून पाहिजे."

झालं, मला वाटलं आपण उस्ताद झालो. त्याच संध्याकाळी घरी चादर न लावता, एका बाजूनं टेबललॅम्प लावून मी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला आणि ऐटीत आईपुढे धरला. अर्धं तोंड अंधारात, एक डोळा गायब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आई म्हणाली, हा फोटो दारावर लाव, मांजर येणार नाही घरात.

आणि लगेच तिनं खरी गोष्ट काढली. आत्यानं अचलपूरचं स्थळ सांगितलं होतं. चांगली माणसं, मुलगा बँकेत. त्यांनी फोटो मागितला होता, आणि आई तोच जुना गोरा फोटो पाठवणार होती. मी म्हटलं, तो फोटो गेला तर मी बाहेरच्या खोलीत येणार नाही, पोहे तूच ने. आईनं भांडं आदळलं. मग रडली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की फोटो पाहूनच नाही म्हणाले तर कोणी आपल्या दारी येणारच नाही. आले, बोलले, तर तुझी हुशारी तरी कळेल. तिचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. तिनं जगाचा भाव बघितलेला होता. बाबांनी पेपरचं पान उलटलं. शेवटी ठरलं, रविवारपर्यंत मी दुसरा फोटो आणायचा. तो आईला पटला तर तो जाईल, नाहीतर जुना.

शनिवारी दुपारी मी तीच मोरपंखी साडी नेसून गेले. चादर मीच बांधली, लाइट मीच लावला. मागची पांढरी भिंत झाकायला करडा पडदा ओढला, कारण तिच्यामुळे माझा चेहरा आणखी काळा पडत होता. हे आता मला दिसत होतं. माझ्या जागी स्टुलावर वांगं ठेवून चमक पाहिली, मग वांगं उचललं आणि मी बसले. बटण दाबायला चाचा उभे राहिले. पण दाबेनात. मला वाटलं, काही बिघडलं. मी विचारलं, काय झालं.

"माह्या पोरीचा बी असाच गोरा काढला होता मी, निकाहच्या टायमाले," ते म्हणाले. "तिच्या सासरच्यायनं तिले लय दिवस ऐकवलं. आता ती माह्यापुढं फोटोले बसत नाही."

 ज्या माणसाला मी तोंडाला येईल ते बोलले होते, तो हे सगळं पोटात ठेवून माझ्याकडे पंखा फिरवत होता. मी म्हटलं, चाचा, काढा. त्यांनी बाहीनं चष्मा पुसला आणि काढला.

घरी आईनं तो फोटो आपल्या मोबाइलवर उघडला. दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मी काळीच होते त्यात. पण मला नाक होतं, गालाचं हाड होतं, वरच्या ओठावरची बारीक खूणसुद्धा होती. आईनं ती खूणही मोठी करून पाहिली. मग म्हणाली, "चांगला हाय. पन ते नाही म्हनतीन." आणि जुना फोटो शोधायला लागली.

बाबा उठले. पेपरची नीट घडी केली, आईच्या हातातून मोबाइल घेतला आणि आत्याला नवा फोटो स्वतः पाठवला. खाली एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, काहीतरी लिहीत बसले. पूर्णविराम देऊनच मोबाइल परत दिला. मी पाहिलं. लिहिलं होतं, 'ही माझी मुलगी. अशीच आहे.'

अचलपूरच्या लोकांनी तीन दिवसांनी योग नाही म्हणून कळवलं. आई त्या दिवशी जेवली नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले, कारण तिला खरंच वाईट वाटलं होतं आणि मलाही थोडं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी आत्याचा फोन आला. नकाराबद्दल चार शब्द बोलून ती आईला म्हणाली, दादाचा डीपी पाहिला का?

आम्ही दोघींनी मोबाइल उघडला. बाबांच्या डीपीवर कित्येक वर्षं गुलाबाचं एक फूल होतं. आता तिथं मी होते, मोरपंखी साडीतली. बाबा ओसरीवर शेजाऱ्यांशी बोलत बसले होते, मान वर करून.